९११ लावलं तर येणारा पोलीस नेमका कुणाचा?

ताई,

आम्ही अटलांटाच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात, अपार्टमेंटमध्ये राहतो. खालच्या मजल्यावर सांगलीकडचं एक मराठी जोडपं आहे. तो एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, ती त्याची बायको म्हणून एच-४वर, चार वर्षांची मुलगी इथेच जन्मलेली. तो तिला मारतो. आधी मला नुसते आवाज यायचे, मग तिच्या मनगटावर वळ दिसले, आणि गेल्या शुक्रवारी तिनं स्वतःच सांगितलं. त्या रात्री मी फोनवर ९११ टाइप करून बसले होते, पण बटण दाबलं नाही. तिनं मला मुलीची शपथ घातली होती. म्हणाली, "वहिनी, पोलिसांना बोलवू नका. इथले पोलीस आता आयसीईचेच, त्या इमिग्रेशनच्या धरपकडवाल्यांचेच झालेत. ह्यांना नेलं तर माझा व्हिसा गेला, आम्ही तिघंही गेलो."

खरं सांगायचं तर आणखी एक कारण होतं. माझ्या नवऱ्याच्या एच-१बीची मुदतवाढ पाच महिने अडकलीय. त्याचं ड्रायव्हिंग लायसन्स आय-९४च्या, म्हणजे इथे राहायच्या परवानगीच्या, तारखेलाच संपलं, तरी तो रोज गाडी चालवतोय. पोलीस बिल्डिंगमध्ये आले आणि आमचंही नाव-गाव विचारायला लागले तर? माझं लायसन्स माझ्या स्वतःच्या एच-१बीवर आहे, ते चालू आहे. जूनमध्ये सासू-सासरे यायचेत. न्यू जर्सीची नणंद म्हणते, "उगाच घाबरता, पोलीस कागद विचारतच नाहीत." मला झोप लागत नाही. मी भित्री आहे का?

वरच्या मजल्यावरची

*

वरच्या मजल्यावरच्या वहिनी,

भित्र्या नाही. पण दोन निरनिराळ्या भीत्या तुम्ही एकाच पिशवीत कोंबल्यात, आणि त्या एकमेकींत अडकल्यात. आधी तातडीचं सांगते, मग पिशवी उलटी करू.

पुन्हा तसे आवाज आले तर फोन लावा. शपथ असली तरी लावा. ती शपथ तिनं दिवसाउजेडी, समोर तुम्ही असताना घातली. गळ्यावर हात पडेल त्या रात्री तिला कुणी विचारायला येणार नाही. ऑपरेटर पहिल्यांदा पत्ता विचारतो. तिच्या फ्लॅटचा नंबर आजच पाठ करून ठेवा. तिचा म्हणतेय, तुमचा नाही. घाबरलेला माणूस हमखास स्वतःचाच नंबर सांगून मोकळा होतो. मग एवढंच सांगा: पुरुष बायकोला मारतोय, घरात लहान मूल आहे, बाईला इंग्रजी कमी येतं, मराठी दुभाषी लागेल. फोनवरून दुभाषी जोडून देण्याची सोय असते. समोरून "हिंदी चालेल का" असं आलं तर नाही म्हणा. सांगलीच्या बाईनं मार कसा बसला ते हिंदीत सांगायचं म्हणजे अर्धं तिथेच गळतं.

तुमचा व्हिसा कुठला, हे त्या फोनवर कुणाला सांगायची गरज नाही. आणि इथे एक गोष्ट अशी आहे जी आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर मी कधीच फिरताना पाहिली नाही. जॉर्जियानं, म्हणजे आपल्या अटलांटाच्या राज्यानं, २०११ साली एचबी ८७ नावाचा कायदा केला. तेव्हा तो फार कडक म्हणून गाजला होता आणि आजही लागू आहे. गुन्ह्याच्या संशयितांचं इमिग्रेशन तपासायची मुभा पोलिसांना त्यानंच दिली. पण त्याच कलमात पुढे लिहिलंय, की जो माणूस प्रामाणिकपणे साक्षीदार म्हणून, गुन्ह्याची खबर द्यायला किंवा स्वतः बळी म्हणून मदत मागायला पोलिसांकडे जातो, त्याच्या इमिग्रेशनची चौकशी त्या भेटीवरून करायची नाही. म्हणजे कडक म्हणवणाऱ्या राज्याच्या कडक कायद्यातसुद्धा फोन लावणारीला वेगळं काढलंय. कागदावरचा शब्द आणि रस्त्यावरचा शिपाई यांत अंतर असतं, हे मलाही कळतं. केंद्राच्या अधिकाऱ्यांना तर राज्याचा हा कायदा बांधतच नाही. पण दारात येतो तो काउंटीचा, म्हणजे इथल्या जिल्ह्याचा, नाहीतर शहराचा पोलीस, आणि त्याला तो बांधतो.

मग "पोलीस आयसीईचे झालेत" हे कुठून आलं? अगदीच हवेतून नाही.

१९९६ साली इमिग्रेशनच्या कायद्यात एक कलम घातलं गेलं, २८७(जी). त्याखाली स्थानिक पोलीस किंवा शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, केंद्राशी करार करतो, आपली माणसं प्रशिक्षणाला पाठवतो, आणि मग ती माणसं आयसीईच्या देखरेखीखाली इमिग्रेशनचं ठरावीक काम करू लागतात. बरीच वर्षं हे काम मुख्यतः तुरुंगाच्या आतच होत होतं: कुणाला अटक करून आणलं, की तिथला प्रशिक्षित अधिकारी त्याचा जन्म कुठला, कागद काय, ते बघायचा. रस्त्यावर गस्त घालणाऱ्या पोलिसालाच हे अधिकार देण्याचा प्रकार २०१२ साली बंद केला होता. तो जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाला. तेव्हा देशभर असे करार १३५च्या आसपास होते. त्याच वर्षात ते हजाराच्या वर गेले. जॉर्जियात तर मार्च २०२५ मध्ये गव्हर्नर केम्प यांनी राज्याच्या सार्वजनिक सुरक्षा खात्याच्या ११०० अधिकाऱ्यांना हे प्रशिक्षण द्यायचं जाहीर केलं. हायवेवर दिसणारी स्टेट पॅट्रोलची गाडी त्याच खात्याची.

इथे आपल्या माणसांचा एक मोठा गोंधळ होतो. आपल्याकडे फौजदार बदलीवर येतो, बदलीवर जातो, आणि वरून आलेला हुकूम खालपर्यंत एकसारखा जातो. इथला शेरीफ निवडून येतो. शेजारच्या ग्विनेट काउंटीत २०२१च्या जानेवारीत नव्या शेरीफनं पदावर येताच हा करार मोडला, कारण निवडणुकीत तसं आश्वासनच दिलं होतं. कॉब काउंटीतही तेच झालं. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये जॉर्जियातल्याच अथेन्स गावी विद्यापीठाच्या आवारात एका नर्सिंगच्या विद्यार्थिनीचा खून झाला, आरोपी व्हेनेझुएलाहून बेकायदा आलेला निघाला, आणि दोनच महिन्यांत एचबी ११०५ मंजूर झाला: तुरुंग चालवणाऱ्यानं कैद्याचं इमिग्रेशन तपासायचंच, आयसीईशी कराराची मागणी करायचीच, नाहीतर राज्याचा निधी बंद. शेरीफला निवड उरली नाही. त्यामुळे तुमच्या शेजारणीचं म्हणणं खोटं नाही. तिनं फक्त दार चुकीचं धरलंय.

मी इथल्या काउंटी कोर्टांत आणि जेलांत मराठी-हिंदीची दुभाषी म्हणून चौदा वर्षं काम केलं. दार कुठलं ते मला विचारा. अटक झालेल्याला आणतात ती बुकिंगची खोली. कमरेएवढं मशीन, वर हिरवट उजेडाची काच. शिपाई तुमचं मनगट धरून आधी उजवी चार बोटं काचेवर दाबतो, मग डावी, मग दोन्ही अंगठे, मग एकेक बोट नखाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवतो. भांडी घासून बोटं झिजलेल्या बायकांचे ठसे उठत नाहीत, तेव्हा तो लोशनची बाटली पुढे करतो आणि पुन्हा दाबतो. ते ठसे जीबीआय या राज्याच्या तपास खात्याकडून एफबीआयकडे जातात, आणि तिथून आपोआप होमलँड सिक्युरिटीच्या, म्हणजे आयसीई ज्याच्या हाताखाली येतं त्या खात्याच्या, नोंदींशी ताडले जातात. ही जोडणी २००८ साली सुरू झाली आणि २०१३पर्यंत देशातल्या प्रत्येक काउंटीत पोचली. करार असो नसो, शेरीफ कुठल्याही पक्षाचा असो, कुणालाही यातून बाहेर पडता येत नाही. दारात येऊन "काय झालं" विचारणारा पोलीस आणि ही काच यांच्यामध्ये अटक नावाचा एक उंबरठा आहे. वहिनी, भीती त्या उंबरठ्याची बाळगा. अलीकडचं अंगण तुमचंच आहे.

आता शेजारणीला एक गोष्ट शिकवायची आहे, आणि ती कुठल्याही वकिलापेक्षा तुम्हीच नीट शिकवाल. आपल्याला "हो, हो" म्हणायची सवय असते. समोरचा बोलतोय, मी ऐकतेय, एवढाच त्याचा अर्थ. एका केसमध्ये मला नंतर बोलावलं होतं. बाई कोल्हापूरकडची, ओठ फुटलेला. नवरा इंग्रजीत घडाघडा बोलला, की हिनंच आधी मारलं, बघा माझ्या हातावर ओरखडा. पोलिसानं तिला विचारलं, तू याला ओरखडलंस का? ती म्हणाली, "यस, यस." तिला म्हणायचं होतं, "हो, सांगते ना, ऐका." पुढचं वाक्य तिला इंग्रजीत जमलं नाही. काचेवर बोटं तिची गेली. जॉर्जियाचा कायदा पोलिसाला बजावतो की दोघांनाही उचलायची धमकी देऊ नकोस, मुख्य मारणारा कोण ते शोध. पण शोधणाऱ्याला तुमची भाषा कळायला हवी. केस पुढे निघाली, आरोप मागे घेतले गेले, तोवर तिनं दोन रात्री आत काढल्या होत्या. म्हणून तिच्याकडून दोन इंग्रजी वाक्यं घोटून घ्या: मला मराठी दुभाषी हवा, त्यानं मला मारलं. दुभाषी येईपर्यंत "यस"ही नको आणि "नो"ही नको.

तिचा नवरा आत गेला तर काय, हा तिचा खरा प्रश्न. फेब्रुवारी २०२५ मध्ये लष्कराच्या विमानानं १०४ भारतीयांना बेड्या घालून अमृतसरला आणून सोडलं, त्यांत महाराष्ट्राचेही तिघे होते. ते चित्र सगळ्यांच्या डोळ्यांत बसलंय. पण तो मामला सीमा ओलांडून बिनकागदांचं येण्याचा होता. तिच्या नवऱ्याचा एच-१बी चालू आहे. बायकोला मारल्याच्या नुसत्या आरोपानं त्याच्यावर हद्दपारीचं कलम लागत नाही. त्या गुन्ह्याची शिक्षा झाली, किंवा बायकोच्या संरक्षणासाठी काढलेला कोर्टाचा हुकूम त्यानं मोडला, तर लागतं. तरी मी तिला "काही होणार नाही" असं सांगणार नाही. परराष्ट्र खातं निव्वळ अटकेवरूनही पासपोर्टातला व्हिसा रद्द करू शकतं. कंपनीनं काढून टाकलं तर एच-१बीवाल्याला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि त्याच्याबरोबर तिचे दिवसही मोजले जातात. तिचं घाबरणं वेडेपणाचं नाही. पण ती ज्या हिशेबानं मार खातेय तो हिशेब तिला नवऱ्यानंच मांडून दिलाय, हे तिच्या लक्षात आणून द्या. "तुझा व्हिसा माझ्या हातात आहे" हे वाक्य मी इतक्या घरांतून ऐकलंय, की ते लग्नाच्या याद्यांबरोबर छापून देतात की काय असं वाटावं.

तो पूर्णपणे त्याच्या हातात नाही. एच-४वरच्या ज्या बायकोला नवरा मारतो किंवा छळतो, तिला स्वतःच्या नावानं कामाचा परवाना मागता येतो. त्याचा फॉर्म वेगळा आहे, आय-७६५व्ही, आणि त्यावर नवऱ्याची सही लागत नाही. दुसरा रस्ता यू व्हिसाचा, २००० सालच्या कायद्यातला: घरगुती हिंसेचा बळी तपासाला मदत करत असेल, तर पोलीस, सरकारी वकील किंवा न्यायाधीश तसं प्रमाणपत्र देऊ शकतात, आणि त्यावर ती अर्ज करू शकते. वर्षाला १०,०००च व्हिसा मिळतात, रांग कित्येक वर्षांची आहे, आणि प्रमाणपत्र द्यायचंच असं कुणावर बंधन नाही. तरी बघा, पोलिसांशी बोलल्यानं व्हिसा जातो असं ती समजतेय, आणि इथे पोलिसांशी किंवा कोर्टाशी बोलल्याशिवाय व्हिसा मागताच येत नाही. "मीच आयसीईला तुझं नाव कळवतो" अशी धमकी नवऱ्यानं दिली तर तिलाही उत्तर आहे. मारणाऱ्यानं पुरवलेल्या निव्वळ माहितीवर अशा बाईविरुद्ध निर्णय घ्यायला १९९६च्या कायद्यानं मनाई केलीय.

आणि पोलीस नकोतच म्हणत असेल, तर कोर्ट आहे. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण ज्यानं केली त्याला कुणी रोज रात्री मारत नसणार. काउंटीच्या सुपीरियर कोर्टात जाऊन तिला संरक्षणाचा तात्पुरता हुकूम मागता येतो. अर्जाला फी नाही, हे दिवाणी काम आहे, यात कुणाची बोटं काचेवर जात नाहीत. न्यायाधीशाला पटलं तर त्याच दिवशी, नवऱ्याला न ऐकताच, पहिला हुकूम निघतो. ३० दिवसांच्या आत दोघांची सुनावणी होते, आणि पुढे तो वर्षभरासाठी करता येतो. नवऱ्यानं घर सोडायचं, मूल आईकडे राहील, खर्चाला इतके पैसे द्यायचे, असं सगळं त्यात येऊ शकतं. एकच सावधगिरी: घटस्फोटाचा अर्ज घाईनं टाकू नको म्हणावं. घटस्फोट मंजूर झाला की एच-४ संपतो. आधी इमिग्रेशनचा वकील, मग घटस्फोटाचा. कुठून सुरुवात करू असं म्हणाली, तर अटलांटात 'रक्षा' ही दक्षिण आशियाई कुटुंबांसाठीची संस्था १९९५ पासून आहे. तिथल्या बायकांना सासू, व्हिसा आणि मंगळसूत्र हे तीन शब्द समजावून सांगावे लागत नाहीत.

दरम्यान तुम्ही तिच्यासाठी एक काम करा. तिचा आणि मुलीचा पासपोर्ट, आय-९४, आय-७९७ ही व्हिसाच्या अर्जाची नोटीस, लग्नाचं सर्टिफिकेट, मुलीचा जन्मदाखला, या सगळ्याच्या प्रती तुमच्या घरी ठेवा. वळाचे फोटो काढलेत तर तिच्या फोनमध्ये ठेवू नका, तो फोन तोच तपासत असणार.

आता तुमच्या घरात येऊ. इथे मी जरा रागावणार आहे.

तुमच्या पत्रात सगळ्यात धोक्याची गोष्ट खालच्या मजल्यावर नाही, तुमच्या पार्किंगमध्ये आहे. मुदतवाढीचा अर्ज वेळेत गेलाय ना? मग तुमच्या नवऱ्याचं इथे राहणं कायदेशीर आहे, त्याच कंपनीत २४० दिवस काम करणंही कायदेशीर आहे. पण लायसन्सला हा नियम लागू होत नाही. ते आय-९४च्या तारखेला संपलं म्हणजे संपलं. आणि जॉर्जियात लायसन्सविना गाडी चालवणं हा नुसता दंड भरून सुटायचा प्रकार नाही, तो गुन्हा आहे. त्यासाठी बेड्या घालून जेलमध्ये नेता येतं. आपण आयटीवाले, टॅक्स भरतो, आपल्याला कोण नेतंय, असं त्याला वाटत असणार. मी त्या खोलीत कंपनीचं ओळखपत्र गळ्यात तसंच राहिलेली माणसं पाहिलीत.

डाल्टनचं ऐका. तुमच्यापासून गाडीनं दीडएक तासावरचं, गालिच्यांच्या कारखान्यांचं गाव. मे २०२५ मध्ये तिथे कॉलेजात शिकणाऱ्या एका १९ वर्षांच्या मुलीला पोलिसांनी थांबवलं, लाल दिव्याला मनाई असताना उजवीकडे वळली म्हणून. ती चार वर्षांची असताना मेक्सिकोहून आलेली, लायसन्स नव्हतं. काउंटी जेल, तिथला २८७(जी)चा करार, तिथून लम्पकिनचं स्टुअर्ट डिटेन्शन सेंटर. मग पोलिसांनी गाडीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण पाहिलं, तर वळलेली गाडी दुसरीच होती. आरोप मागे घेतले गेले. पण तोवर ठसे गेले होते, आणि आरोप मागे घेतल्यानं ठसे परत येत नाहीत. जामिनावर बाहेर यायला तिला दोन आठवड्यांवर लागले. तिच्याकडे कागद नव्हते, तुमच्या नवऱ्याकडे मुदतवाढीच्या अर्जाची पावती आहे, हा फरक मोठा आहे आणि शेवटी तोच त्याला सोडवेल. पण तो फरक सिद्ध करायला वीकएंड आत काढायची हौस आहे का, ते त्याला विचारा.

आणि आत गेलेली नोंद केस बंद झाल्यावरही पुसत नाही. एप्रिल २०२५ मध्ये सरकारनं परदेशी विद्यार्थ्यांची सुमारे १३ लाख नावं एफबीआयच्या एनसीआयसी या गुन्हे-नोंदींशी ताडून पाहिली. सुमारे ६४०० जुळली, आणि हजारो मुलांच्या सेव्हिसच्या, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदवहीतल्या, नोंदी धडाधड बंद झाल्या. त्यांत जुनी ट्रॅफिकची प्रकरणं होती, कोर्टानं कधीच निकाली काढलेली होती. मुलं कोर्टात गेली, महिनाअखेर सरकारनं माघार घेऊन नोंदी पुन्हा उघडल्या. पण कुठल्या तरी गावच्या पोलिसानं पाच वर्षांपूर्वी केलेली नोंद वॉशिंग्टनच्या टेबलावर एका दुपारीत येते, एवढं त्यातून कळलं.

तेव्हा उद्यापासून तो गाडी चालवणार नाही. आय-७९७ची पावती, पासपोर्ट आणि जुनं लायसन्स घेऊन त्याला डीडीएसच्या, म्हणजे लायसन्स देणाऱ्या खात्याच्या, कार्यालयात पाठवा. अर्ज चालू असल्याचं दाखवून तात्पुरती मुदतवाढ मिळते का ते विचारायचं. पाठवा म्हणजे तुम्ही सोडायला जा, नाहीतर हा गडी तिथेही स्वतःच गाडी घेऊन जाईल. कंपनीच्या वकिलाला प्रीमियम प्रोसेसिंगचंही विचारा, पैसे लागतात पण उत्तर काही आठवड्यांत येतं.

कधी कुणाला थांबवलंच, तर खिडकी खाली, हात स्टिअरिंगवर, कागद मागितले की द्यायचे. दंडाची चिठ्ठी लिहून होईपर्यंतच थांबवायचा पोलिसाला अधिकार आहे; ठोस संशय नसताना त्याहून लांबवता येत नाही, असं सुप्रीम कोर्टानं २०१५ मध्ये सांगितलंय. जन्म कुठला, कसे आलात, याला "मला वकिलाशी बोलायचंय" एवढं उत्तर पुरतं. खोटं मात्र एक अक्षर नको, आणि "मी सिटिझन आहे" हे तर गमतीतही नको. त्या एका वाक्यानं ग्रीन कार्डाचं दार कायमचं बंद होऊ शकतं. आत नेलंच तर भारतीय वकिलातीला कळवा असं स्वतःहून म्हणायचं. भारताच्या बाबतीत ते आपोआप कळवत नाहीत, आपण मागावं लागतं. आणि गुन्हा कबूल करून लवकर सुटू, असं फौजदारी वकील म्हणाला, तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारायचं. कबुलीचा इमिग्रेशनवर काय परिणाम होईल हे सांगणं हे फौजदारी वकिलाचं कर्तव्यच आहे, असा २०१०चा निकाल आहे. तरी बरेच जण घाईत असतात.

नणंदेचं म्हणाल तर ती न्यू जर्सीत बसून न्यू जर्सीचं खरं सांगतेय. तिथे २०१८ साली तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल गुरबीर ग्रेवाल यांनी पोलिसांना लेखी आदेश काढला, की इमिग्रेशन विचारत बसू नका, आयसीईला मदत मोजक्या बाबतींतच करा. टेक्सासनं २०१७ मध्ये नेमका उलटा कायदा केला. राज्यांना केंद्राला "नाही" म्हणता येतं त्याचा आधार १९९७चा प्रिंट्झ निकाल, आणि त्याची गंमत अशी, की तो लढा जिंकला मोंटानाच्या एका शेरीफनं, बंदूक विकत घेणाऱ्यांची चौकशी केंद्राच्या हुकमानं मी का करू म्हणून. बंदूकवाल्यांनी बांधलेल्या भिंतीच्या सावलीला आज इमिग्रंट बसलेत. पण ती भिंत न्यू जर्सीच्या एडिसनला आहे, तुमच्या गावात नाही. आणि ठशांची काच दोन्हीकडे तीच. एडिसनचा सल्ला एडिसनलाच ठेवा.

सासू-सासऱ्यांना आणा, बिनधास्त आणा. फक्त सासऱ्यांच्या फिरायला जायच्या खिशात पासपोर्टाची आणि आय-९४ची प्रत, आणि इंग्रजीत तुमचा पत्ता-फोन लिहिलेलं कार्ड असू द्या. १८ वर्षांवरच्या परदेशी माणसानं नोंदणीचा कागद जवळ बाळगायचा असा जुना नियम आहे आणि आय-९४ हा तो कागद. हल्ली तो नियम नेटानं लावतायत. २०१५च्या फेब्रुवारीत शेजारच्या अलाबामात, मॅडिसनला, नातवाला बघायला गुजरातहून आलेले आजोबा सकाळी फुटपाथवर चालत होते. कुणीतरी संशयित म्हणून फोन केला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पोलिसानं जमिनीवर आपटलं, ते अंशतः लुळे झाले. त्यात इमिग्रेशनचा काही संबंध नव्हता, भाषेचा होता. सासऱ्यांना एवढंच शिकवा: पोलीस बोलला की जागच्या जागी थांबायचं, हात खिशात घालायचे नाहीत, कार्डाकडे बोट दाखवायचं.

शेजारीण बहुधा कपडे धुवायला खाली लाँड्रीत येत असेल. तिथे मशीनच्या आवाजात बोला, घरात नको. आधी शपथ परत करा: "तुझी शपथ मी पाळणार नाही, हे तुला आत्ताच सांगते." मग रक्षाचं नाव द्या, आणि ती दोन वाक्यं तिच्याकडून मोठ्यानं म्हणवून घ्या. पहिल्यांदा हसेल. पुन्हा म्हणायला लावा.

आणि लायसन्सचा कागद हातात येईपर्यंत गाडीची दुसरी किल्लीसुद्धा तुमच्याच पर्समध्ये राहू द्या.

तुमची,
ताई